‘एमएलबी द शो २५’ : डायमंड डायनॅस्टीतली सुरुवातीची चांगली कार्डं, खिशाला हात न लावता

‘एमएलबी द शो’ हा अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलवरचा व्हिडिओ गेम. त्यातला डायमंड डायनॅस्टी, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा विभाग, उघडला की कार्डांच्या आधी दुकान नजरेत भरतं. स्टब्स हे या खेळातलं चलन. ते खऱ्या पैशांनी घेता येतं आणि सगळ्यात मोठा गठ्ठा दीड लाख स्टब्सचा, ९९.९९ डॉलरला आहे. नवा खेळाडू इथेच गडबडतो. संघात सगळी साठ-सत्तर गुणांची कार्डं, समोर चकचकीत पॅक (आत कोणती कार्डं निघतील हे माहीत नसलेली पाकिटं), आणि मनात धास्ती की पैसे टाकल्याशिवाय आपला संघ उभाच राहणार नाही. ही धास्ती खोटी आहे. सुरुवातीच्या काळात मिळणारी सगळ्यात उपयोगी कार्डं या खेळात एकट्याने, संगणकाविरुद्ध, सोप्या पातळीवर खेळून मिळतात. फक्त कामं कोणत्या क्रमाने करायची हे कळायला हवं, आणि खेळ ते नीट सांगत नाही. कार्डांच्या खेळांमध्ये हा विभाग सर्वांत न्याय्य आहे, असं आमचं ठाम मत आहे. त्याची मांडणी मात्र नवख्याला वाट चुकवणारी आहे.

आधी खरेदीबद्दल थोडक्यात. सॅन डिएगो स्टुडिओचा हा भाग १८ मार्च २०२५ रोजी आला. मुखपृष्ठावर पॉल स्कीन्स, एली दे ला क्रूझ आणि गनर हेंडरसन असे तिघे तरुण आहेत. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस आणि निन्टेंडो स्विच यांवर तो चालतो. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या वेळी वगळले आहेत. २०२१ ते २०२४ चे चारही भाग एक्सबॉक्सच्या गेम पास या वर्गणीच्या सेवेवर पहिल्या दिवसापासून होते, हा नव्हता. आला तेव्हा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर साधी आवृत्ती ६९.९९ डॉलरची होती, डिजिटल डीलक्स ९९.९९ डॉलरची. डीलक्समध्ये चार दिवस आधी प्रवेश आणि थोडे पॅक-स्टब्स मिळत होते. केवळ कार्डांसाठी ते तीस डॉलर जास्त मोजू नका. त्या पॅकमधून काय निघेल याचा नेम नाही, आणि पुढे सांगितलेल्या कामांतून जे मिळतं ते नक्की मिळतं.

या भागात सुरुवातीची मेहनत जास्त सार्थकी लागते, त्याला एक कारण आहे. २०२३ आणि २०२४ च्या भागांत ‘सेट्स’ आणि ‘सीझन्स’ची पद्धत होती. हंगाम बदलला की जुनी कार्डं बाजूला पडत. मोजक्या ‘वाइल्डकार्ड’ जागांवरच ती खेळवता येत. मार्चमध्ये घाम गाळून मिळवलेलं कार्ड काही आठवड्यांतच कपाटात जायचं. २५ मध्ये ती पद्धत काढून टाकली. पहिल्या आठवड्यात मिळवलेला शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षणातली एक जागा) ऑक्टोबरपर्यंत खेळवायचा असेल तर खुशाल खेळवा. त्यातच ‘पॅरलल’ ही सोय आहे: एखादं कार्ड जितकं वापराल तितके त्याचे अनुभवगुण वाढतात, पाच टप्प्यांपर्यंत ते वर चढतं आणि दर टप्प्याला त्याच्या गुणांत एकेकाची भर पडते. लवकर मिळालेलं कार्ड लवकर मुरतं.

आधी सेटिंग, मग खेळ

हे कंटाळवाणं वाटेल, पण दहा मिनिटं इथे घालवलीत तर पुढचे कित्येक तास वाचतात. टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असेल तर बटण दाबल्यापासून बॅट फिरेपर्यंत जो क्षणभराचा उशीर होतो, त्यात चांगले फटकेही मिस होतात आणि दोष आपण स्वतःच्या हाताला देतो. सादरीकरण ‘फास्ट प्ले’वर ठेवा, म्हणजे दोन चेंडूंमधली दृश्यं गळतात. बॅटिंगचा कॅमेरा ‘स्ट्राइक झोन’ प्रकारातला घ्या. मागून दिसणारा टीव्हीसारखा कॅमेरा देखणा असला तरी चेंडूची उंची त्यात कळत नाही.

बॅटिंगच्या पद्धतीवर लोक वाद घालतात. ‘झोन’ पद्धतीत कंट्रोलरवरच्या डाव्या काडीने (स्टिकने) फटक्याचा ठिपका चेंडूवर न्यावा लागतो. ‘डायरेक्शनल’मध्ये फक्त वेळ साधायची आणि काडीने दिशा सुचवायची; बाकी कार्डाचे गुण ठरवतात. ऑनलाइन खेळायचं असेल तर झोन शिकण्याला पर्याय नाही. पण पहिल्या आठवड्यातल्या संगणकाविरुद्धच्या कामांना डायरेक्शनल पुरते, आणि नव्या माणसाने तीच घ्यावी. काडी वर आणि बॅटर ज्या बाजूला चेंडू ओढतो त्या बाजूला धरली की उंच फटका निघण्याची शक्यता वाढते. होमरनच्या कामाला तेच हवं. या भागात ‘अँबुश’ नावाची नवी सोय आहे. चेंडू आत येणार की बाहेर हे आधीच ओळखून उजव्या काडीने निवडायचं. अंदाज बरोबर आला तर फायदा, चुकला तर तोटा. सोप्या पातळीवर तिची गरज पडत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या हातांना एक सवय मोडावी लागते. क्रिकेटमध्ये चेंडू सोडला तर धाव मिळत नाही एवढंच. इथे मात्र सोडलेला प्रत्येक वाईट चेंडू ‘बॉल’ म्हणून तुमच्या खात्यात जमा होतो. दोन बॉल, शून्य स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू) अशी स्थिती आली की पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, स्ट्राइक झोनच्या मारण्याजोग्या चौकटीत यावंच लागतं. तेव्हा मधोमध येणाऱ्या वेगवान चेंडूची वाट पाहा आणि तोच मारा. ‘रुकी’ या सोप्या पातळीवर चेंडू इतका हळू येतो की बहुतेक चुका लवकर बॅट फिरवल्याने होतात. प्रत्येक फटक्यानंतर पडद्यावर वेळेची नोंद येते. ती लागोपाठ ‘अर्ली’ दाखवत असेल तर चेंडू बॅटरच्या जवळ येईपर्यंत थांबा. नवखे खेळाडू ही नोंद वाचत नाहीत आणि पातळी अवघड आहे असं समजून बसतात.

पहिला मुक्काम : स्टोरीलाइन्स

सर्वांत आधी हेच करा. ‘स्टोरीलाइन्स’मध्ये निग्रो लीग्जच्या खेळाडूंच्या गोष्टी छोट्या भागांत सांगितल्या आहेत. वर्णभेदामुळे ज्यांना मेजर लीगची दारं बंद होती अशा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या या स्वतंत्र लीग. २०२३ च्या भागात सॅचेल पेज, जॅकी रॉबिन्सन, बक ओ’नील यांच्यापासून ही मालिका सुरू झाली, २०२४ मध्ये जॉश गिब्सन, बक लेनर्ड, हँक ॲरन आणि टोनी स्टोन आले, आणि २५ मध्ये तिचा तिसरा हंगाम आहे. कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक स्वतः गोष्ट सांगतात.

कार्डांच्या हिशेबाने हा विभाग का चांगला, ते पाहा. बक्षीस ठरलेलं आहे, नशिबाचा भाग नाही. प्रत्येक गोष्टीत काही ‘मोमेंट्स’ असतात: एवढ्या बॅटिंगमध्ये एक हिट काढा, एवढे बॅटर बाद करा. ती पूर्ण केली की पॅक, स्टब्स आणि शेवटी त्या खेळाडूचं कार्ड. पातळी सोपी असते. एखादा मोमेंट फसला तर लगेच पुन्हा सुरू करता येतो आणि त्याला काही किंमत पडत नाही. शिवाय खेळाची नस इथेच हाताला लागते, कारण एकच प्रसंग पुनःपुन्हा खेळायला मिळतो.

एक उदाहरण जवळून पाहू. काम आहे: एकाच बॅटिंगमध्ये दोन किंवा अधिक बेसचा फटका. पहिले दोन चेंडू सोडून द्या. दोन्ही स्ट्राइक पडले तर झगडत बसू नका. थांबा बटण दाबून मोमेंट पुन्हा सुरू करा. दोन स्ट्राइक असताना पिचर झोनच्या कडेबाहेर चेंडू टाकतो आणि त्यावर दमदार फटका क्वचितच बसतो. पहिला बॉल, दुसराही बॉल असा प्रसंग आला की साध्या फटक्याऐवजी पॉवर फटका वापरा. प्लेस्टेशनवर तो चौकोनाच्या बटणावर आहे. पॉवर फटक्यात चूक माफ होण्याची जागा आक्रसते, म्हणून तो फक्त अनुकूल स्थितीतच. एकच हिट पुरणार असेल तर एक्स बटणाचा साधा फटका बरा. बॉल-स्ट्राइक बिघडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा हा साधा नियम पाळला तर बहुतेक मोमेंट्स तीन-चार प्रयत्नांत सुटतात.

आणि गोष्टींची दृश्यं पहिल्यांदा तरी वगळू नका. घाईतल्या माणसाला हा सल्ला चुकीचा वाटेल, पण हा या खेळाचा सर्वांत सुंदर भाग आहे. मेजर लीगने २०२४ मध्ये निग्रो लीग्जची आकडेवारी अधिकृत नोंदींत घेतली आणि जॉश गिब्सन .३७२ च्या सरासरीने कारकिर्दीच्या यादीत पहिला झाला. ज्याला मेजर लीगमध्ये एक चेंडूही खेळू दिला नाही, तो आज त्यांच्याच वहीत सर्वांत वर आहे. जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद ज्यांना नाकारलं गेलं त्या बाळू पालवणकरांची गोष्ट माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

काँक्वेस्ट : एका दगडात तीन पक्षी

स्टोरीलाइन्सनंतर ‘काँक्वेस्ट’. षटकोनी घरांचा नकाशा असतो आणि प्रत्येक घरात काही दशलक्ष ‘चाहते’ असतात. आपल्या घरातून शेजारच्या घरावर चाल करायची, मुलूख वाढवत न्यायचा आणि संघांचे बालेकिल्ले घ्यायचे. किल्ला घेण्यासाठी तीन इनिंगचा सामना प्रत्यक्ष खेळावा लागतो.

बहुतेकांची चूक इथेच होते. किल्ला दिसला की ते थोड्या चाहत्यांनिशी चाल करतात. किल्ल्यावरच्या सामन्याची पातळी दोन्ही बाजूंच्या चाहत्यांच्या संख्येवर ठरते. तुमचं पारडं जड असेल तर सामना सोप्या पातळीवर मिळतो. हलकं असेल तर अवघड पातळी गळ्यात पडते. म्हणून आधी आजूबाजूची रिकामी घरं घ्या, कुमक एकाच घरात जमवा, ते घर किल्ल्याला भिडवा आणि पारडं पुरेसं जड झाल्यावरच हात घाला. एखादी फेरी जास्त गेली तरी चालेल. चाल करताना मागे थोडे चाहते राहतात हे लक्षात ठेवा. शत्रूच्या सीमेला लागून एकेका दशलक्षाची घरं सोडलीत तर संगणक ती परत गिळतो आणि तुमची फेरी वाया जाते.

दुसरी गोष्ट, किल्ले घेऊन नकाशा सोडू नका. काही साध्या घरांखाली बक्षिसं लपवलेली असतात, त्यांत पॅक असतात, आणि ती घरं जिंकल्याशिवाय ती दिसत नाहीत. पूर्ण नकाशा रंगवा. लहान नकाशांपासून सुरुवात करा. अमेरिकेचा मोठा नकाशा एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका, तो आठवडाभर पुरतो.

आता तीन पक्षी कोणते? काँक्वेस्टमध्ये तुम्ही तुमच्याच संघानिशी खेळता. त्यामुळे तिथला एक डबल (दोन बेसचा फटका) नकाशाच्या सामन्यात उपयोगी पडतो, एखाद्या प्रोग्रॅमच्या (कामं करून बक्षिसं मिळवण्याच्या संचाच्या) ‘इतके जादा बेसचे फटके काढा’ या मिशनमध्ये मोजला जातो, आणि त्या कार्डाचे पॅरलल गुणही वाढवतो. शिवाय सामन्यातून मिळणारा एक्सपी, म्हणजे खेळल्याचे गुण, बक्षिसांच्या मुख्य मार्गावर जमा होतो. हे जमून यायचं तर सामना सुरू करण्याआधी मिशनची यादी उघडायची आणि त्या यादीप्रमाणे संघ बसवायचा. बरेच जण उलट करतात: आवडता संघ खेळवतात आणि मिशन कधीतरी पूर्ण होतील अशी आशा धरतात. वीस सामन्यांनंतर पाहावं तर निम्मी मिशनं तशीच.

संघ बसवण्याची एक सोपी रीत आहे. ‘टीम ॲफिनिटी’ प्रोग्रॅममध्ये तीसही संघांची बक्षिसं आहेत. एका वेळी तीन संघ निवडा. प्रत्येक संघाचे तीन बॅटर बसवले की नऊ जागा भरल्या. ही कार्डं ‘लाइव्ह सिरीज’ची (चालू हंगामातल्या खेळाडूंची), साधी किंवा कांस्य अशा खालच्या दर्जाची चालतात, आणि बाजारात ती किरकोळ स्टब्सना मिळतात. पिचरही त्याच संघांचे घ्या आणि तीन इनिंगमध्ये तीन वेगळे पिचर टाका. पिचरची मिशनं कायम मागे पडतात, कारण लोक एकाच पिचरकडून सामना संपवतात. प्रतिस्पर्ध्यावर सात-आठ धावांची आघाडी झाली की राखीव बॅटर आत आणा. सामना हातात असताना पहिल्या नऊ जणांनाच खेळवत राहणं म्हणजे मिशनं फुकट घालवणं.

होमरनची मिशनं रखडली असतील तर मैदान बदला. उंचावरच्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि खेळ ते हिशेबात घेतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून जवळपास एक मैल उंचीवर आहे. खेळातलं काल्पनिक ‘लाफिंग माउंटन पार्क’ही याच कारणासाठी लोकप्रिय आहे. ट्रिपलसाठी (तीन बेसच्या फटक्यासाठी) मात्र मैदान मोठं आणि पळणारा चपळ हवा. दे ला क्रूझसारखं कार्ड अशा वेळी कामाला येतं. २०२४ मध्ये त्याने ६७ बेस चोरले आणि मेजर लीगमध्ये तोच अव्वल होता.

बाद करण्याच्या मिशनसाठी पिचर निवडताना वेगवान चेंडू आणि त्याच रेषेत येणारा हळू चेंडू, हे दोन्ही असलेला घ्या. वेगवान चेंडू झोनच्या वरच्या कडेला, पुढचा हळू चेंडू, म्हणजे चेंजअप, खाली. एकाच जागी लागोपाठ तीन चेंडू टाकले तर सोप्या पातळीवरचा संगणकसुद्धा मारतो. पिचिंगच्या पाच पद्धतींपैकी ‘मीटर’ लवकर हाताला बसते. ‘पिनपॉइंट’ अचूक आहे, पण काडीने आकृत्या काढायला सराव लागतो.

पातळीचाही हिशेब आहे. अवघड पातळीवर पॅरलल गुण जास्त मिळतात. मिशन फटक्यांच्या संख्येचं असेल तर रुकी. मिशन गुणांचं असेल आणि त्यावरच्या ‘व्हेटरन’ पातळीवर तुम्ही सहज जिंकत असाल तर व्हेटरन. त्याहून अवघड ‘ऑल-स्टार’वर जाऊन निम्मे सामने हरण्यात वेळेचा फायदा नाही.

मिनी सीझन्स, डायमंड क्वेस्ट आणि ऑनलाइन

‘मिनी सीझन्स’ २०२२ पासून आहे. तीन इनिंगचे सामने, इतर खेळाडूंनी बांधलेले संघ संगणक चालवतो, शेवटी प्लेऑफ. बक्षिसं चांगली, पण हंगाम लांबलचक. आधीच्या भागांत एका हंगामात २८ सामने असत, आणि ते सलग खेळलात तर कंटाळा येतोच. हा विभाग मुख्य काम म्हणून न घेता काँक्वेस्टचे नकाशे संपल्यावर उरलेली मिशनं पुरी करायला वापरा. इथे प्रतिस्पर्ध्याकडे चांगली कार्डं असतात, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत कच्च्या संघानिशी शिरू नका.

‘डायमंड क्वेस्ट’ या भागात नवा आला. पटावरच्या खेळासारखा: फासा टाकायचा, घरं ओलांडायची, वाटेतली आव्हानं सोडवायची आणि स्टेडियमपर्यंत जाऊन सामना जिंकायचा. कल्पना ताजी आहे आणि एकेक डाव अर्ध्या-पाऊण तासात बसवता येतो. उणीव एवढीच की बक्षिसात नशिबाचा वाटा आहे. हमखास कार्ड हवं असेल त्या दिवशी इथे येऊ नका. बदल म्हणून रोज एखादा डाव खेळायला हा विभाग उत्तम आहे.

ऑनलाइन ‘रँक्ड’बद्दल, म्हणजे इतर माणसांविरुद्धच्या क्रमवारीच्या सामन्यांबद्दल, प्रचलित सल्ला असा की संघ मजबूत झाल्यावर जा. आमचं मत उलट आहे. पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांचेच संघ कच्चे असतात आणि कार्डांतलं अंतर सर्वांत कमी असतं. झोन पद्धतीने बॅटिंग येत असेल तर हीच वेळ. येत नसेल तर आधी ती शिका; कार्डांनी ती उणीव भरून निघत नाही.

निवडीचा पॅक आला की

एक्सपीच्या मार्गावर आणि प्रोग्रॅमच्या शेवटी बरेचदा तीन-चार कार्डांतून एक निवडायचा पॅक मिळतो. लोक कार्डावरचा मोठा आकडा पाहतात आणि निवडून मोकळे होतात. तो आकडा फसवा आहे, कारण त्यात क्षेत्ररक्षण, वेग, बंट सगळं मिसळलेलं असतं. कार्ड उघडून आतले आकडे वाचा. ‘कॉन्टॅक्ट’ आणि ‘पॉवर’ प्रत्येकी दोन असतात: उजव्या हाताच्या पिचरविरुद्ध आणि डाव्या हाताच्या. पिचर बहुतांशी उजव्या हाताचे असतात, म्हणून उजव्याविरुद्धचे आकडे जड धरा. ८९ गुणांच्या पण मुख्यतः क्षेत्ररक्षणावर तोललेल्या कार्डापेक्षा उजव्याविरुद्ध नव्वदच्या आसपास पॉवर असलेलं ८६ चं कार्ड सुरुवातीला जास्त सामने जिंकून देतं. त्यानंतर दुय्यम जागा पाहा. शॉर्टस्टॉप, सेकंड बेस आणि आउटफिल्ड अशा तिन्ही ठिकाणी चालणारं कार्ड तुमचे राखीव वाचवतं. दोन्ही हातांनी खेळणारा बॅटर मिळत असेल तर त्याला झुकतं माप द्या. समोरचा पिचर बदलला तरी तो अडत नाही.

पिचर निवडताना ‘आउटलायर’ हा गुणविशेष आहे का ते पाहा. तो असला की वेगाची नेहमीची मर्यादा ओलांडता येते. संगणकाविरुद्ध याची फारशी गरज नाही, ऑनलाइनमध्ये मात्र फार आहे. आणि निवड पक्की करण्याआधी ते कार्ड विकता येणारं आहे का तेही वाचा. प्रोग्रॅमची बरीच कार्डं विकता येत नाहीत. विकून दुसरं घेऊ असा बेत मनात असेल तर तो इथेच फसतो.

बाजार आणि कुलूप

स्टब्स वाचवणं हेही कमावणंच आहे. बाजारात विक्रीवर दहा टक्के कर कापला जातो, आणि हा कर विसरल्यामुळे नवखे तोट्यात जातात. १,००० ला घेतलेलं कार्ड १,१०० ला विकलं तर हातात ९९० पडतात. म्हणजे दहा स्टब्सचं नुकसान. बरोबरीत सुटायलाच १,११२ हवेत. १,००० ची मागणी (आपल्या भावाने खरेदीची नोंद) लावून घेतलेलं कार्ड १,३०० ला गेलं तर हातात १,१७० येतात आणि १७० उरतात. त्यामुळे ‘आत्ता घ्या’चं बटण शक्यतो दाबू नका. मागणी लावून ठेवा, दुसरं काही खेळा, थोड्या वेळाने पाहा. मोबाइलवरच्या कंपॅनियन ॲपमधूनही मागण्या लावता येतात, त्यामुळे लोकलमध्ये उभ्या उभ्यासुद्धा हे काम होतं.

आरोन जज किंवा शोहेइ ओतानी या बड्या खेळाडूंचं लाइव्ह सिरीज कार्ड पहिल्याच आठवड्यात पॅकमधून निघालं तर काय करायचं? विका. सुरुवातीला ही कार्डं फार महाग असतात, आणि त्या स्टब्समध्ये पूर्ण संघ उभा राहतो. पुढे पुरवठा वाढला की तेच कार्ड स्वस्तात परत घेता येतं. तीसही संघांचा लाइव्ह सिरीज संग्रह पुरा करण्याचं मोठं बक्षीस खुणावतं, पण ते पहिल्या आठवड्याचं काम नाही. आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते: संग्रहात कार्ड एकदा कुलूपबंद केलं की ते खेळवता येतं, पण विकता येत नाही. छोट्या बक्षिसाच्या मोहात महागडं कार्ड कुलूपबंद करू नका. साधी आणि कांस्य कार्डं बेधडक लावा, ती तशीही स्वस्त असतात. सोनेरी आणि हिऱ्याची थांबवा.

पॅक विकत घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको. बक्षिसात आलेले मात्र लगेच उघडा. त्यातली दुबार कार्डं सुरुवातीच्या चढ्या भावात विकली जातात. सोनेरी ८४ चं लाइव्ह सिरीज कार्ड दुबार आलं आणि तो खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर फॉर्मात असेल, तर ते ठेवून द्या. खऱ्या कामगिरीनुसार या कार्डांचे गुण ठरावीक काळाने बदलतात, आणि ८५ ला पोहोचलं की सोनेरीचं हिऱ्याचं होतं, भावही उडी मारतो.

मांडणीतल्या खटकणाऱ्या गोष्टी दोन. मिशनं इतक्या पानांत विखुरलेली आहेत की कागदावर यादी केल्याशिवाय ताळमेळ लागत नाही. आणि डायमंड डायनॅस्टीला सतत इंटरनेट लागतं. एकट्याने संगणकाविरुद्ध खेळतानाही. जोडणी डळमळीत असेल तर तीन इनिंगचेच सामने खेळा, नऊ इनिंगचा सामना शेवटी तुटला की फार जीव जातो.

नवे प्रोग्रॅम आणि पॅक साधारणपणे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुपारी बाराला येतात. सान होजेतल्या मराठी माणसाची ती जेवणाची सुट्टी. पुण्यात किंवा पणजीत, तिथे उन्हाळी वेळ लागू असताना, रात्रीचे साडेबारा. नवे पॅक आले की पुढचे एक-दोन तास लोक भराभर उघडतात आणि मिळालेली कार्डं घाईने विकतात. त्यामुळे इथून खेळणाऱ्याने जागत बसायची गरज नाही. झोपण्यापूर्वी हव्या त्या कार्डांवर चालू भावापेक्षा कमी रकमेच्या मागण्या लावून ठेवा आणि सकाळी उठून किती भरल्या ते पाहा.